साधं आहे, असं सगळे म्हणत होते

मी जुळे सोलापुरात बायकांना स्कूटर शिकवते. आमच्या कॉलनीच्या मागे एक मोकळं मैदान आहे, तिथं रोज सकाळी माझा वर्ग भरतो. शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. कुणाचा नवरा शिकवताना ओरडतो म्हणून आलेली, कुणी शिकवायला घरात कोणीच नाही म्हणून आलेली. मी ओरडत नाही. गाडीच्या मागून धावते, एवढंच.

हे आधीच सांगते, कारण हा आजार दुसऱ्या एखादीला झाला असता तर तिला तो कदाचित इतका छळला नसता. माझी कमाई, माझी हौस आणि माझं जे काही स्वातंत्र्य आहे ते दोन चाकांवर आहे. आणि आजार असा, की तो आला की अर्धा रस्ताच पळवून नेतो.

ज्यांना असं काही दिसतं आणि घरचे त्यावर विश्वास ठेवत नाहीत, किंवा ज्यांचा स्वतःचाच घरच्यांवरचा विश्वास उडालाय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी दुसऱ्या प्रकारातली.

पहिल्यांदा

उन्हाळा लागला होता. अंबाक्का गाडीवर बसायच्या तयारीत होती. अंबाक्का म्हणजे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली बाई, पन्नाशी ओलांडलेली. नवरा गेल्यावर लेकीकडे आमच्या भागात राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाली, "टीचर, मला बाजारात एकटं जायचंय."

मी गाडीच्या मागे उभी होते. सहज नंबरप्लेटकडे नजर गेली तर नंबरातले मधले दोन आकडे नव्हते. चिखल असेल म्हणून बोटानं पुसलं. चिखल नव्हता. मान जराशी वळवली की ते दोन आकडे दिसायचे आणि शेजारचे दोन जायचे.

मी अंबाक्काकडे पाहिलं. तिला नाक नव्हतं. डोळे होते, हनुवटी होती, बोलणारं तोंड होतं. मधे काळं भोक वगैरे काही नव्हतं. नाक नुसतं नव्हतं.

मग त्या नसलेल्या जागेच्या कडेला एक रेघ चमकायला लागली. कापडाच्या दुकानात नमुन्याच्या तुकड्यांना करवती कडा कापलेली असते ना, तशी. पण ही कड हलत होती, लकाकत होती, वेल्डिंगच्या ठिणगीसारखी. बघता बघता तिचा विळा झाला. विळा मोठा मोठा होत डावीकडे सरकला. डोळे मिटले तरी तो तिथंच. मी अंबाक्काला सांगितलं, "आज पाय टेकवून नुसतं ढकलायचा सराव करा," आणि कडेच्या दगडावर बसून राहिले. अर्ध्या तासानं तो विळा नजरेच्या टोकावरून निघून गेला, जणू कधी आलाच नव्हता. मागे राहिलं मंद डोकं दुखणं आणि मळमळ.

मी कुणालाच सांगितलं नाही. आधी संशय आला उन्हाचा. मग केसांना लावलेल्या नव्या रंगाचा. मग आदल्या दिवशी कोपऱ्यावर प्यायलेल्या उसाच्या रसाचा. मग शेजारच्या इमारतीवर नवा टॉवर बसला होता, त्याचा. एकदा तर वाटलं, आपल्याला कुणी काही खायला घातलं का? मी असल्या गोष्टी मानत नाही. पण डोळ्यांपुढं आग नाचायला लागली की माणूस काय मानतो आणि काय नाही, ते त्याच्या हातात राहत नाही.

शेरडू

पुढच्या महिन्यात तो विळा दोनदा आला. दोन्ही वेळा मी घरात होते. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी गाडी चालवत होते आणि मागे अंबाक्का बसली होती.

रस्ता मोकळा होता. डावी बाजू कमी कमी होतेय हे मला कळलंच नाही, कारण जे नाही ते नाही हे कळायला आधी ते असावं लागतं. उजवीकडे दुकानं होती, समोर डांबर होतं. मला वाटलं, रस्ता पूर्ण आहे. आणि त्या पूर्ण वाटणाऱ्या रस्त्यातून एक शेरडू अचानक माझ्या चाकापुढं उगवलं. मी ब्रेक दाबला. आम्ही दोघी आडव्या झालो. शेरडू ओरडत पळालं.

फार लागलं नाही. माझं कोपर सोलवटलं, अंबाक्काच्या गुडघ्याला खरचटलं. ती उठून साडी झटकत म्हणाली, "एमी कादु, टीचर, काही झालं नाही." पण मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी रस्त्यावर बसून डाव्या हाताची बोटं डोळ्यांपुढं हलवत होते आणि मला ती दिसत नव्हती.

अंबाक्कानं माझ्या घरी येऊन सगळं सांगितलं. मी सांगू नको म्हटलं होतं.

आमचे हे

माझे यजमान सुधीर सरकारी कचेरीत कारकून आहेत. शांत माणूस. मुलगा शिकायला पुण्यात. घरात आम्ही दोघंच. त्या दिवशी त्यांनी माझ्या कोपराला हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. रजा न टाकणारा माणूस रजा टाकतो तेव्हा मला बरं वाटत नाही.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घातले, दिवे मारले, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, "तुमचे डोळे उत्तम आहेत." मी मनात म्हटलं, उत्तम डोळ्यांना शेरडू दिसत नाही होय? त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

मेंदूचा डॉक्टर. हे दोन शब्दच पुरे होते.

ते डॉक्टर तरुण होते, घाईत होते. माझं बोलणं अर्धंही झालं नव्हतं तेवढ्यात त्यांनी मान डोलवली. "विळ्यासारखं? करवती कड? हळूहळू मोठं होतं?" मी हो म्हटलं. "मायग्रेन आहे. त्याला ऑरा म्हणतात. डोकं दुखण्याआधी असं दिसतं."

"पण माझं डोकं फार दुखत नाही."

"नसेल दुखत. चालतं तसंही. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालंय, म्हणून एक एमआरआय करून घेऊ."

मला तेव्हाच कळायला हवं होतं की ते पाठ केलेलं नाही, पुष्कळ रोग्यांना बघून आलेलं बोलणं आहे. पण मला वाटलं, याला माझं ऐकायचंच नाही. आणि साधं आहे तर एमआरआय कशाला?

एमआरआयबद्दल लोक फार घाबरवतात. ते मशीन म्हणजे आपल्याकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये डोकं घालून झोपण्यासारखं आहे. खटाखट, खटाखट. मी डोळे घट्ट मिटून अंबाक्काला वळण घ्यायला शिकवत राहिले.

त्यानंतरचं मात्र मी विसरत नाही. रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मी बाहेर येऊन चप्पल घालत होते, तर हे आतच थांबले. दार अर्धवट लोटलेलं. फटीतून दिसलं, हे टेबलावर वाकून काहीतरी विचारत होते. डॉक्टर मान हलवत होते. नाही, नाही अशी. मग यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही नाही. साधं आहे."

आईची गाठ

"साधं आहे" या शब्दांशी माझं जुनं भांडण आहे.

माझं माहेर वैरागचं. आईच्या पोटात गाठ झाली तेव्हा मला सातवा महिना होता. वडिलांनी आणि मामांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही आणि पोटुशी लेकीला तर नाहीच. मला सांगितलं, साधी गाठ आहे. आईनं फोनवर मला विचारलं होतं, "कल्पे, मला काय झालंय गं? हे लोक सांगत न्हाईत." मी हसून म्हटलं, "काही नाही गं, साधं आहे." मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं. आई गेली आणि मग शेजारणीच्या तोंडून मला आजाराचं नाव कळलं.

तेव्हापासून कुणी "साधं आहे" म्हटलं की मी आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.

घरातली कुजबुज

त्यानंतर घर बदललं. हे सकाळी माझ्या आधी उठून चहा करायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना चहाची पातेली कुठली हे माहीत नव्हतं. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचे आणि मी पाणी द्यायला गेले की "बरं, ठेवतो" म्हणायचे.

अकलूजला माझ्या वन्सं असतात, यांची थोरली बहीण. सणासुदीशिवाय फोन न करणारी बाई. ती रोज फोन करायला लागली. "कल्पना, दगदग करू नकोस गं. गाडीबिडी सोड आता. शरीर महत्त्वाचं." आवाज असा, जसा आपण दवाखान्यात हातात शहाळं घेऊन बोलतो.

गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती. विचारलं तर म्हणाले, "सर्व्हिसिंगला देणार आहे." गाडी खालीच उभी होती.

मग मी रिपोर्ट काढला. कपाटावर चादरींच्या घडीखाली ठेवला होता. इंग्रजी पानभर, शेवटी सगळं ठीक अशा अर्थाचे शब्द. पण माझं वय एक वर्षानं चुकलं होतं. म्हणजे हा रिपोर्ट माझा नाहीच! कुणाचा तरी चांगला रिपोर्ट माझ्यासाठी आणून ठेवलाय. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा मी तो कागद उन्हात धरून बघितला होता, खाडाखोड दिसते का म्हणून.

मोबाईलवर शोधलं. ती चूक करू नका, असं मी सांगणार नाही, कारण तुम्ही ती करणारच. फक्त एवढं सांगते, कुठूनही सुरुवात करा, तिसऱ्या पानावर माणूस मरतोच.

आणि या सगळ्यात तो विळा येतच होता. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. भाजी चिरताना बोटं गायब व्हायची. मी सुरी खाली ठेवून ओट्याला धरून उभी राहायचे आणि हे दारातून बघत असायचे. मला वाटायचं, हा माणूस माझे दिवस मोजतोय.

आप्पा

एक दिवस न कळवता वैरागहून आप्पा आले. माझे वडील. घरची थोडी शेती, चार शेरडं, ती सोडून ते लग्नकार्यालाही मुक्काम करत नाहीत. पिशवीत ज्वारी नाही, शेंगा नाहीत. धोतर, सदरा आणि आईचा फोटो. 

 तिसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"कल्पे, हितं बस."

मी बसले.

"मी लई इचार केला बग. तुज्या आईला आमी सांगितलं न्हाय. ती शेवटपातुर इचारत हुती, मला काय झालंय. मी म्हनायचो, काय न्हाय. एकदा तिनं माजा हात धरला आन् म्हनली, तुमी तरी खरं बोला. मी न्हाय बोललो." आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एकदा लपावलं. आता माज्याच्यानं व्हनार न्हाय. तुज्या डोस्क्यात गाठ हाय, पोरी."

"कोण म्हणालं?"

"जावईबापूंनी फोन केला हुता. म्हनले, आप्पा, डोस्क्याचं हाय. लई जपाया पायजे, तिला काय बोलू नका, फकस्त गाडी सोडाया सांगा. आता डोस्क्याचं म्हंजी काय आसतंय, ते मला कळतंय की."

खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. इतके दिवस मी वेडी ठरत होते, माझं मलाच वाटत होतं की तुला संशयाचा रोग झालाय. नाही. मी बरोबर होते. माझं नाक बरोबर वास काढत होतं.

मग ते बरं वाटणं ओसरलं आणि खाली काय होतं ते दिसलं. मुलाचं शिक्षण. यांना चहाव्यतिरिक्त काही करता येत नाही. आप्पांच्या आधी मी जाणार. मी उठून देवघरापाशी गेले, पण हात जोडले नाहीत. भांडल्यासारखी नुसती उभी राहिले.

आप्पा मागून म्हणाले, "रडत का न्हाईस?"

"आधी खात्री करते, मग रडते."

जावेचा रिपोर्ट

मी आप्पांना म्हटलं, यांना सांगू नका. आणि रिक्षा करून शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. या बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. मी ठरवून गेले होते, माझं आहे असं सांगायचंच नाही. नाहीतर याही घरी फोन करून कुजबुजतील. रिपोर्ट आणि त्याबरोबरच्या फिल्म टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "माझ्या जावेच्या आहेत. तिला यायला जमलं नाही."

त्यांनी सगळ्या फिल्म एकेक करून उजेडावर लावल्या. घाई केली नाही. मग म्हणाल्या, "यात काही गाठ नाही, काही नाही. तुमच्या जावेला होतं तरी काय?"

मी सांगत सुटले. नंबरप्लेट, नाक, विळा, शेरडू. बोलता बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि मधली तारीख दिसेना. मी उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला. जरा थांबून पुन्हा उजवा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "जावेला आत्ता दिसतंय का?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी रडले. किती दिवसांचं होतं कोण जाणे. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, पाणी दिलं आणि तो विळा जाईपर्यंत मला बोलू दिलं.

"एकेक डोळा झाकून बघितलंत, चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून सारखंच दिसतंय ना? आणि मिटल्यावरही? मग ते डोळ्यात नाही. मेंदूच्या मागच्या भागातून एक लाट सरकत जाते. ती लाट तुम्हाला दिसते. ती जाते आणि मागे काही ठेवत नाही. हा मायग्रेनच आहे."

"रिपोर्टवरचं वय चुकलंय."

माझा सूर ऐकून दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. त्यांनी माझ्यासमोर स्कॅन सेंटरला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, नोंदणीचा नंबर जुळवून घेतला. टाईप करणाऱ्यानं चूक केली होती. त्या फोनसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. संशयी माणसाला समजूत घातलेली चालत नाही, त्याला समोर फोन लावावा लागतो.

मग त्यांनी असं काही विचारलं जे पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. "पाळीसाठी काही गोळ्या चालू आहेत?" होत्या. अंगावर फार जातं म्हणून गेले काही महिने एका डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या. नाव ऐकून त्यांनी मान हलवली. असा ऑरा येणाऱ्या बाईनं त्या प्रकारच्या गोळ्या घेणं बरं नाही, त्यानं लकव्याचा धोका वाढतो, म्हणाल्या. त्यांनी मला दुसरा उपाय विचारायला परत त्याच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तुम्हाला असा विळा दिसत असेल आणि अशा कुठल्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतील म्हणून वाट बघू नका.

एवढंच नाही. जीभ अडखळली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, किंवा ते दिसणं तासाभरानंतरही गेलं नाही, तर घरी बसायचं नाही, सरळ मोठा दवाखाना गाठायचा, हेही त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

म्हणजे माझा संशय अगदीच वाया गेला नाही. मी जे शोधायला गेले ते नव्हतं. पण गेले म्हणून दुसरं सापडलं.

घरी येताना रिक्षात मला एकच प्रश्न होता. गाठ नाही. मग आप्पांना आहे असं का वाटलं?

तोंडावर

हे संध्याकाळी आले. आप्पा सोफ्यावर, मी समोर. चहा मी केला.

"अहो, डॉक्टरांच्या केबिनमध्ये तुम्ही मागे थांबलात. काय विचारलंत?"

"काही नाही गं. औषधाचं."

"दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बघितली. गाठ नाही म्हणाल्या. आप्पा म्हणतात आहे. तुम्ही सांगितलंत."

हे आप्पांकडे बघायला लागले. "आप्पा, मी गाठ कधी म्हणालो?"

"डोस्क्याचं हाय म्हनला की! बोलू नका म्हनला. बोलू नका कशाला म्हंतेत?"

यांनी कप बाजूला सारला. मग बोलले. यांनी डॉक्टरांना विचारलं होतं की, तुम्ही तिला गाडी कायमची बंद करायला सांगा ना. डॉक्टर म्हणाले, तसं मी सांगणार नाही. गोळ्या लागू पडेपर्यंत थांबू दे. नंतर दिसायला लागलं की बाजूला घ्यायची, संपेपर्यंत हात लावायचा नाही. कायमची बंद करायचं कारण नाही. यांनी दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाले.

"मग मी वन्संना आणि आप्पांना फोन केला. कुणाचं ऐकतेस तू? माझं तर नाहीच. म्हटलं, ते सांगतील."

"आजार वाढवून सांगितलात."

"वाढवून नाही. अर्धाच सांगितला. बाकीचं त्यांनी समजून घेतलं."

"आणि तुम्ही समजू दिलंत!"

इतक्या वर्षांत मी यांच्यावर असा आवाज चढवला नव्हता. आईच्या वेळी मोठ्या आजाराला साधं म्हटलं होतं. इथं साध्याला मोठं केलं. दोन्ही वेळा ज्या बाईचं शरीर, तिलाच सोडून सगळ्यांचं ठरलं होतं.

आप्पा उठले. वाटलं, जावयाला बोलतील. ते यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "जावईबापू, मी आठ दिस जेवलो न्हाय नीट." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्याहून मोठी शिक्षा मी देऊ शकले नसते.

मग हे म्हणाले, "तू पडलीस त्या दिवसापासून फोन वाजला की मला वाटतं, दवाखान्यातून आला. आणि मला तर गाडीही येत नाही. तुला काही झालं तर मी रिक्षा शोधत फिरायचं."

हे मला माहीत होतं, पण कधी मोठ्यानं बोललं गेलं नव्हतं. बायको बायकांना गाडी शिकवते आणि नवऱ्याला येत नाही. कचेरीत यांना त्यावरून बोलतात. म्हणजे नुसती भीती नव्हती. त्यात थोडं दुसरंही होतं. मी विचारलं, तर हो म्हणाले. तेवढं खरं बोलले म्हणून मी त्या दिवशी माहेरी गेले नाही.

आता

किल्ली माझ्याकडे आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधीच्या गोळ्या बदलून रोज घ्यायची एक गोळी दिली. दीड-दोन महिने मी गाडीला हात लावला नाही, नुसती उभं राहून शिकवत होते. हळूहळू विळा आठवड्याचा महिन्यावर आला, आता दोन-तीन महिन्यांतून एखादा. उपवास बंद केले. वन्संना ते आवडलेलं नाही. ऊन चढायच्या आत वर्ग संपवते, टोपी आणि काळा चष्मा घालते, पाणी पीत राहते. झोप चुकली की दुसऱ्या दिवशी मी गाडी काढतच नाही.

शिकायला येणाऱ्या सगळ्यांना मी आजार सांगितला. दोघी सोडून गेल्या. एक म्हणाली, "डोळ्यांचा भरवसा नसलेल्या बाईकडून काय शिकायचं?" मला राग आला, पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. अंबाक्काला लायसन्स मिळालं. ती एकटी बाजारात जाते.

कधीकधी एखादी बाई मैदानावर थांबून हळूच विचारते, "तुम्हाला ते चमकणारं दिसतं म्हणे?" मग मला कळतं. मी तिला एकच सांगते, पहिल्यांदा दिसलं असेल तर आजच डॉक्टरकडे जा आणि आत एकटी जा. तुझं तुझ्या कानांनी ऐक. कुणाला बरोबर न्यायचं असेल तर त्यालाही तुझ्यासमोरच बोलू दे.

संशय गेला का? नाही. यांनी गॅलरीत जाऊन फोन घेतला की आजही माझे कान उभे राहतात. हेही आता ओळखतात. फोन घेऊन आत येतात, माझ्यासमोर बसून बोलतात. कधीकधी स्पीकरवर टाकतात, वन्संचं नातवाच्या दातांबद्दलचं सगळं बोलणं मला ऐकावं लागतं.

आणि मी यांना गाडी शिकवली. माझ्याकडे आजवर आलेल्यांत सगळ्यात वाईट विद्यार्थी. ब्रेकऐवजी पाय घासतात. मैदानावर सकाळच्या बायकांसमोर दोनदा पडले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. शिकाऊ लायसन्स झालं, मग पक्कंही.

परवा एका बारशाहून येत होतो. गाडी मी चालवत होते. भर दुपार. समोरच्या पाटीवरचं मधलं अक्षर गेलं. मी गाडी बाजूला घेतली, लिंबाखाली उभी केली.

"आलं?" यांनी मागून विचारलं.

"आलं."

आजवर आम्ही अशा वेळी थांबून राहायचो. त्या दिवशी हे खाली उतरले, पुढं आले आणि हात पुढं केला. मी किल्ली दिली. हे पहिल्यांदाच मैदानाबाहेर, मला मागे बसवून गाडी चालवणार होते. बसले, आरसा नीट केला, पुन्हा नीट केला. कपाळावर घाम. विळा आता त्यांच्या डाव्या खांद्यावर चमकत होता आणि खांदा दिसत नव्हता.

"विश्वास आहे ना माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "दोन बोटं ब्रेकवर ठेवा आणि समोर बघा."

त्यांनी ठेवली. गाडी सायकलच्या वेगानं निघाली. मी मागे बसून उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर नजर ठेवली.